काशीची पहिली धार

जळगावमार्गे

खानदेशात निघालेल्या माणसाला आमच्याकडे सगळे एकच सांगतात, भरीत खाऊन या. मी खाऊन आलो. परतल्यावर कुणी विचारलं की मी भरिताबद्दल सांगतो, केळीच्या बागांबद्दल सांगतो, थंडीबद्दल सांगतो. उन्हासाठी बदनाम असलेल्या या मुलखात डिसेंबरात एवढा गारठा पडतो, हे सांगलीच्या माणसाला पटकन खरं वाटत नाही. एवढ्यावर विचारणाऱ्याचं समाधान होतं. माझं होत नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी सांगलीजवळच्या एका दूध संकलन केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. टँकर आला की त्यातला नमुना घ्यायचा, फॅट बघायचं, भेसळ बघायची, आणि दुधात औषधाचा अंश उतरला आहे का तेही बघायचं. उतरला असेल तर टँकर परत. काम एवढंच. ज्या गायीला ते औषध दिलं ती पुढे बरी झाली का, हा प्रश्न आमच्या खिडकीपर्यंत येत नाही. मीही कधी खिडकीबाहेर जाऊन तो विचारला नव्हता.

माझी धाकटी बहीण सुनंदा धुळे जिल्ह्यात, नरडाण्याच्या पुढच्या एका खेड्यात दिली आहे. सांगलीची मुलगी एवढ्या लांब कशी गेली, असं लोक विचारतात. दाजी, म्हणजे तिचे यजमान भास्करराव, तेव्हा आमच्याकडच्या साखर कारखान्यात फिटर होते. लग्नानंतर वडील गेले म्हणून ते गावी परतले आणि सुनंदा त्यांच्याबरोबर गेली. आता घरी थोडी कपाशी, थोडा मका, आणि तीन संकरित गायी. घर चालतं ते गायींवर. त्यांचा सगळा कारभार तिच्या सासूकडे, आक्कांकडे.

दिवाळीनंतर सुनंदाचा फोन आला. "दादा, काशीची दगडी काही हटत नाही. सगळ्या सुया झाल्या, सडात सोडायच्या ट्यूबा झाल्या. तू दुधातले जंतू बघतोस ना? येऊन बघ की एकदा."

दगडी म्हणजे कासदाह. कास सुजते, दगडासारखी कडक होते, दुधात गाठी येतात. मी म्हणालो, येतो.

जळगावला उतरलो तेव्हा उजाडत होतं. स्टेशनबाहेर रिक्षावाले कानाला मफलर गुंडाळून शेकोटीभोवती बसले होते. मी नरडाण्याची पॅसेंजर किती वाजता विचारल्यावर एक म्हणाला, "साहेब, येईल तेव्हा तिची वेळ." खरं होतं ते. गाडी आली, निघाली, अमळनेरच्या अलीकडे रानात उभी राहिली. दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी होती, काळ्याभोर जमिनीवर वाळक्या पऱ्हाट्या आणि त्यांच्यावर कुठे कुठे चुकून राहिलेला कापूस. आमच्याकडे या दिवसांत जिकडे बघावं तिकडे ऊस हिरवा असतो. इथला रंग पाहून मला उगाच वाटलं, आपण कुणाच्या तरी आजारपणाला भेटायला निघालो आहोत. तसा निघालोच होतो.

नरडाण्याच्या पुढे

सुनंदा दारातच भेटली. पाण्याचा तांब्या हातात देताना हळूच म्हणाली, "दादा, गायींचं काय ते बघ, पण आक्कांना काही बोलू नकोस हं. तू बोललास की मीच शिकवून ठेवलं असं वाटेल. वीस वर्षांत त्यांच्या गोठ्यात मी शेणाशिवाय कशाला हात लावलेला नाही."

मी हो म्हणालो. माझा तो हो एका बहिणीला दिलेला साधा शब्द होता. बहिणीच्या सासरी भावानं कसं वागावं हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक असतं. साडी न्यावी, दोन घास खावेत, सगळं छान आहे म्हणावं आणि निघावं. सल्ला द्यायला तिथे आपलं घर नसतं.

आक्का ओसरीवर बाजेवर बसल्या होत्या. बारीक, ताठ, डोक्यावरून पदर घट्ट. "या भाऊ, या. गाडीमा जागा मियनी का?" गाडीत जागा मिळाली का, एवढं विचारून त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला. मग मला म्हणाल्या, "तुमना सांगलीना चहा फिक्का. आठे गोड शे, पिसन दखा." इथला गोड आहे, पिऊन बघा. त्या चहात किती साखर होती, हे सांगायला नको. मी दोन वेळा प्यायलो.

दुपारी जेवायला शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. ज्वारी-उडदाची ती काळपट भाकरी मोडली की आतून वाफ येते. शेवभाजीच्या रश्श्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा दाजी म्हणाले, "काय भाऊ, कोल्हापूर-सांगलीचं नाव सांगता आणि एका वाटीत रडता?" आक्का पहिल्यांदाच हसल्या. मला तेवढ्या हसण्यानं फार बरं वाटलं. आता वाटतं, ते हसू जपायच्या नादात मी पुढचं सगळं केलं.

गोठा घरामागे होता. दारातून शिरल्यावर पहिली काशी, मग गंगी, शेवटी चंद्री. गंगी काशीची लेक, चंद्री गंगीची. म्हणजे आजी, मुलगी आणि नात एका रांगेत. चंद्री पहिलारू होती, नुकतीच व्यायलेली, तांबूस अंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. तिच्याकडे बोट दाखवून सुनंदा म्हणाली, "दादा, आता सगळी भिस्त हिच्यावर. काशीचं काय व्हायचं ते होवो, हिला काही व्हायला नको."

काशीच्या कासेला हात लावला. मागचे दोन्ही सड तापलेले, त्यावरची कास कडक. उपचार कसे झाले ते दाजींनी सांगितलं. दिवाळीत गाठी दिसल्या, डॉक्टरांनी सुया सुरू केल्या. गाठी गेल्या की सुई बंद, कारण सुई चालू असेतोवर केंद्रावर दूध चालत नाही. आठवड्यानं गाठी परत. मग दुसरं औषध, तेही गाठी जाईपर्यंत. मधल्या काळात शेजारच्या घरून एक ट्यूब मागून आणली. तिच्यातली अर्धी त्यांच्या गायीला वापरून झाली होती, अर्धी उरली होती. इथल्या बायका विरजण जसं एकमेकींकडून वाटीनं नेतात, तशी ती ट्यूब या घरून त्या घरी फिरत होती. दाजी हे लपवत नव्हते. त्यांच्या आवाजात काटकसरीचा थोडा अभिमानच होता. अर्धं औषध मिळालेल्या जंतूंपैकी जे मरत नाहीत, ते त्या औषधाला शिकून घेतात, आणि मग त्यांचीच पिलावळ उरते. हे मी आमच्या केंद्रावर फलकावर लिहून लावलेलं आहे. तिथे मी नुसती मान हलवली.

संध्याकाळी आक्का धार काढायला आल्या. खुंटीवर जुन्या लुगड्याचा एक फडका टांगलेला होता. तो घेऊन त्यांनी काशीची कास पुसली, खाली बसल्या, पहिली धार जमिनीवर सोडली. धरतीमातेची. दुसरी धार त्यांनी स्वतःच्या तळहातावर घेतली, दोन्ही हात त्यात भिजवले आणि पिळायला लागल्या. काशी झाल्यावर त्याच ओल्या हातांनी त्या उठल्या, गंगीच्या कासेला ते हात फिरवले, मग चंद्रीच्या.

मी दारात उभा होतो. "आक्का, हे हाताला दूध कशाला?" मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तिना मान पह्यला शे, भाऊ," आक्का चंद्रीच्या पोटाला डोकं टेकवून म्हणाल्या. "घरमा मोठं मानूस जेवस, मंग बठ्ठा जेवतस. काशीनी धार हातले लागनी का लेकी, नाती आपोआप पान्हा सोडतस. मना सासूनं शिकाडेल शे."

सासूनं शिकवलेलं. घरात मोठ्यानं आधी जेवायचं, तसा मान काशीचा. तिची धार हाताला लागली की लेकी-नाती पान्हा सोडतात. चंद्रीनं खरोखरच पान्हा सोडला होता. बादलीत धारेचा आवाज भरून येत होता, वासरू दाव्याला हिसडे देत होतं. एखाद्याला ते दृश्य फार सुंदर वाटलं असतं.

मला काय दिसत होतं ते सांगतो. हा जंतू वाऱ्यानं उडत नाही. तो पिळणाऱ्याच्या हातानं आणि दुधानं एका कासेतून दुसऱ्या कासेत जातो. म्हणून आजारी गाय सगळ्यात शेवटी पिळायची, हा पहिला धडा. इथे आजारी गायीपासून सुरुवात होत होती, आणि तिचंच दूध निरोगी सडांना आपल्या हातानं, मायेनं चोळलं जात होतं. सकाळ-संध्याकाळ.

तोंडाशी शब्द आले होते. सुनंदा शेणाची पाटी घेऊन मागे उभी होती, तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "छान पान्हा सोडते."

सकाळी काशीचा नमुना घेतला. सड धुतला, स्पिरिटनं पुसला, उकळलेल्या बाटलीत दूध धरलं. गंगी आणि चंद्रीचाही घ्यावा असं मनात आलं, पण आक्का म्हणाल्या असत्या, त्या चांगल्या आहेत त्यांना कशाला बाटली लावता? घेतला नाही. माझं झाल्यावर आक्का बसल्या. पहिली धार जमिनीवर, दुसरी हातावर. मी थर्मोकोलच्या डब्याला दोरी बांधत त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो.

अमळनेर

नमुना थंड ठेवून जळगावच्या एका प्रयोगशाळेत पोचवायचा होता. सुनंदाच्या फ्रिजमधला सगळा बर्फ मी डब्यात भरला होता. पॅसेंजर अमळनेरला थांबली आणि थांबूनच राहिली. पुढून गाड्या सोडत होते. डबा उघडून बघतो तर बर्फाचं पाणी. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पेढे शेतस का?" मी दूध म्हटल्यावर तो म्हणाला, "आरे देवा, दूध लई जाई राह्यनात जळगावले? तठे दूध मियत नही का?" जळगावात दूध मिळत नाही का, यावर सगळा डबा हसला.

मी स्टेशनबाहेर पळालो. डिसेंबरात बर्फ कुठे मिळणार? एका हॉटेलवाल्यानं मासळीवाल्याकडे बोट दाखवलं. दुकानाचे मालक हनीफभाई, पांढरी दाढी, अंगात जाड स्वेटर. बर्फाची लादी फोडता फोडता त्यांनी विचारलं, "मच्छी कौनसी है, साब?"

"मच्छी नाही. दूध आहे."

"दूध में मेरा बरफ?" ते हात थांबवून बघायला लागले. "मच्छीचा वास लागेल. घरवाली डब्यासकट बाहेर काढेल तुम्हाला."

"प्यायचं नाही. आजारी गायीचं आहे, तपासायला नेतोय."

त्यांनी मग बर्फ पाण्यानं धुतला, प्लास्टिकच्या पिशवीत बांधला आणि स्वतः डब्यात बाटलीभोवती नीट बसवून दिला. "घर की गाय है?"

"बहिणीच्या घरची."

"बहन के घर का काम है, तो जल्दी जाओ." ते म्हणाले. मी स्टेशनवर आलो तेव्हा पॅसेंजर गेली होती. उभी होती तेव्हा तासभर उभी होती, आणि मी पाठ फिरवताच गेली. पुढचा प्रवास एसटीनं केला, डबा मांडीवर घेऊन.

बहन के घर का काम. ते वाक्य मला बसमध्ये फार टोचलं. काम जळगावात नव्हतंच. काम मागे गोठ्यात होतं, एका वाक्याचं होतं, आणि ते टाकून मी डबा घेऊन पळत होतो.

पुन्हा जळगाव

प्रयोगशाळा एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती. तिथल्या मॅडमनी बाटली उजेडात धरून बघितली, नोंद केली आणि म्हणाल्या, "परवा सकाळी या. जंतू वाढायला वेळ लागतो, मग औषधं लावून बघायला आणखी. बाकीच्या गायी आहेत?"

"दोन."

"हिला शेवटी पिळताय ना? हात धुऊन?"

"सांगतो त्यांना," मी म्हणालो.

"अजून सांगितलं नाही?"

त्यांनी विचारलं ते सहजच. पुढचा पेशंट, म्हणजे एका कोंबड्यावाल्याचा डबा, टेबलावर आला होता. मी जिना उतरलो आणि खाली रस्त्यावर उभा राहून सुनंदाला फोन लावला. एका बाजूला सराफांची दुकानं, दुसरीकडे दालमिलची चुणी भरलेला ट्रक गल्लीत अडकलेला, हॉर्नचा नुसता कालवा. मी ठरवलं होतं, सुनंदानं उचलला की तिला सांगायचं, तूच हळूच आक्कांना सांग.

"कोन बोली राह्यनं? भाऊ का?" फोन आक्कांनी उचलला होता. "सुनंदा वावरमा गई. पोचनात का बरोबर?"

"पोचलो, आक्का."

"भरीत खादं का?"

"नाही अजून. आज खाणार."

"खाईसन या. जळगावनं भरीत खादाबिगर याल नही." मग त्या म्हणाल्या, "मनी काशी बरी व्हई ना, भाऊ?"

माझी काशी बरी होईल ना. एवढं सरळ दार उघडलं होतं. मी म्हणालो, "रिपोर्ट येऊ दे, आक्का. मग बघू."

फोन ठेवला. मी स्वतःची समजूत घातली, की पुराव्याशिवाय बोलणं बरं नाही. रिपोर्ट हातात असला की तो बोलेल, मला बोलावं लागणार नाही. आमच्या केंद्रावर मी हेच करत आलो आहे. कागद बोलतो, मी नाही.

त्या रात्री कॉलेजमधला मित्र वसंत मला शहराबाहेरच्या त्याच्या केळीच्या बागेत घेऊन गेला. तो पाइपच्या कारखान्यात आहे, बाग वडिलोपार्जित. पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी, पांढरट, हातभर लांब वांगी भाजत होती. साल काळी पडून फुटते आणि आत नुसतं लोणी. सोललेली वांगी लाकडी पात्रात घालून दोघं जण लाकडी दांड्यांनी ठेचतात, त्यात भाजलेली हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि वरून तेल. केळीच्या पानावर वाढतात. आमच्याकडचं भरीत म्हणजे ताटातलं एक तोंडीलावणं. इथे ते जेवण असतं, सोबतीला पुरी किंवा भाकरी. धुराचा वास बोटांना दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. कुणी विचारलं तर मी हे एवढं सांगतो, आणि यातलं अक्षरही खोटं नाही.

पानावर दही मात्र आलं नाही. वसंतची बायको उज्ज्वलावहिनी ओशाळून म्हणाली, "काय सांगू भाऊजी, दोनदा विरजलं, दही लागेच ना. नुसतं पाणचट."

"सांगलीवाल्याचा पायगुण!" वसंत म्हणाला.

"थंडी आहे ना," दुसरा कुणी म्हणाला.

थंडी असेलही. पण दही न लागण्याचं आणखी एक कारण मला माहीत होतं. दुधात औषध उतरलं असेल तर विरजणातले जंतू मरतात. ज्या जंतूंनी मरायला हवं ते गोठ्यात जगतात आणि ज्यांनी जगायला हवं ते वाडग्यात मरतात. वहिनी माझ्याकडे बघत होती, मी काही सांगेन म्हणून. मी आणखी एक पुरी मागितली. इथेही पाहुणाच होतो ना.

प्रयोगशाळेत

ठरल्या दिवशी मॅडमनी एक काचेची बशी माझ्यासमोर ठेवली. तिच्यावर जंतूंचा साय धरल्यासारखा थर, आणि त्या थरात औषधाच्या पांढऱ्या चकत्या, टिकल्या लावाव्यात तशा. औषध चालत असेल तर चकतीभोवती जंतू मरतात, स्वच्छ गोल पडतो. अशा बशा मी कामात पाहिल्या आहेत. पण या बशीत चकत्यांच्या कडेपर्यंत थर चिकटून आला होता. एक चकती, दुसरी, तिसरी. दिवाळीपासून काशीला दिलेलं प्रत्येक औषध त्यात होतं, आणि एकाहीभोवती गोल नव्हता. एका कडेच्या चकतीभोवती नखाएवढी जागा मोकळी दिसत होती.

"हे माणसांसाठी राखून ठेवायचं औषध आहे," मॅडम त्या चकतीवर पेन ठेवून म्हणाल्या. "गायीला दिलं तर उद्या हेही जाईल. तुमच्या डॉक्टरांशी बोला, पण माझं ऐकाल तर हिचे ते दोन सड आटवा. पिळूच नका. बाकीच्यांना जपा."

मी कागद घडी करून खिशात ठेवला. आता माझ्याकडे पुरावा होता.

गोठ्यात

दुपारी पोचलो. सुनंदा फाटकापाशीच उभी होती, चेहरा उतरलेला. "दादा, चंद्रीचा एक सड सकाळपासून गरम लागतोय. आक्का म्हणतात वासरानं ढुशी मारली असेल."

मी चपला न काढता गोठ्यात गेलो. चंद्रीनं पाय झाडला. मी माझ्या पिशवीतलं काळं कापड धरून त्यावर चार धारा सोडल्या. दुधात कण्या होत्या. वासराच्या ढुशीनं कण्या येत नाहीत.

ओसरीवर येऊन बसलो. दाजी, सुनंदा आणि आक्का समोर. मी कागद उलगडला, एकेक औषधाचं नाव वाचलं, कुठलंच चालत नाही म्हणून सांगितलं. मग कागद खाली ठेवला, कारण उरलेलं त्याच्यावर लिहिलेलं नव्हतं.

"आक्का, काशीचं दूध हाताला लावून तुम्ही बाकीच्यांना लावता ना, त्यातून हे चंद्रीला गेलं आहे."

सुनंदानं खाली मान घातली. आक्कांनी विचारलं, "तुम्हले कव्हय समजनं?"

तुम्हाला कधी कळलं. कागदाकडे बोट दाखवून आज म्हणता आलं असतं. कुणालाही कळलं नसतं.

"पहिल्याच संध्याकाळी," मी म्हणालो. "मी दारात उभा होतो तेव्हाच. सुनंदाची यात चूक नाही. मीच बोललो नाही."

"का बरं?"

"पाहुणा होतो, आक्का. तुमच्या गोठ्यात तुम्हाला काय सांगायचं."

आक्कांनी पदर सारखा केला. आवाज चढला नाही. "भाऊ, मना घरमा साप दिसता, ते सांगतात का चहा पिसन उगा बसतात?"

माझ्या घरात साप दिसला असता तर सांगितलं असतं की चहा पिऊन गप्प बसला असता? दाजी आईला म्हणाले, "जाऊ दे, बाई," आणि आक्का म्हणाल्या, "मी काय लढी राह्यनू? इचारी राह्यनू." भांडत नाही, विचारते आहे. फोनवर त्यांनी काशीबद्दल विचारलं होतं ते मला आठवलं. त्यांनाही आठवलं असणार, पण तो विषय त्यांनी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. मग मी सांगितलं, साबणानं हात धुवायचे, आधी गंगी, मग चंद्री, काशी सगळ्यात शेवटी.

संध्याकाळी त्या वेळेवर उठल्या. हापशावर साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. खुंटीवरचा फडका घेतला आणि गोठ्यात शिरल्या. काशीनं बादलीचा आवाज ऐकून कान टवकारले, मागचे पाय फाकवून उभी राहिली. आक्का तिच्यासमोरून न थांबता पुढे गेल्या, गंगीची कास पुसून तिच्याखाली बसल्या. हात कोरडे होते. गंगीला पान्हा सोडायला वेळ लागला. तिकडे धारेचा आवाज सुरू झाला आणि इकडे काशीच्या सडांतून दूध आपोआप गळायला लागलं. कुणी हात न लावता. आयुष्यभर तिची पाळी पहिली होती, तिच्या शरीराला दुसरं माहीत नव्हतं. टप टप खाली मातीत पडत होतं. ती मान वळवून आक्कांकडे बघत होती, मग हंबरली.

आक्कांनी वर पाहिलं नाही. गंगीच्या पोटाला टेकवलेलं त्यांचं डोकं फक्त जरा आणखी आत दबलं.

सांगली

परत येऊन महिना उलटला. डॉक्टरांनी काशीचं दूध आटवायला सांगितलं. ती आता गोठ्याबाहेर निंबाखाली बांधलेली असते. ढेप, म्हणजे सरकीची पेंड, मात्र पहिली तिलाच. चंद्रीचा तो सड गेला. कडक होऊन बसला, त्यातून आता थेंब येत नाही. पहिल्याच वेताला ती तीन सडांची झाली, आणि तशीच राहील.

काल सुनंदाचा फोन होता. इकडचं तिकडचं बोलून ती म्हणाली, "दादा, गंगीच्या दुधात आज कणी दिसली. आक्का साबणानं हात धुतात रे, मी स्वतः बघते. क्रमही तू सांगितलास तोच. मग कसं झालं?"

मी काही बोलायच्या आत फोनवर खुडबुड झाली. आक्कांनी तो तिच्या हातातून घेतला होता.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "आखो काही दिसेल व्हई ते सांगी द्या."

आणखी काही दिसलं असेल तर सांगून टाका. मला दिसलं होतं. पहिल्या संध्याकाळी दिसलं होतं, आणि त्या शेवटच्या संध्याकाळीही त्यांनी तो खुंटीवरून काढला तेव्हा दिसलं होतं. म्हातारीला एका दिवसात किती सांगायचं, आधीच तिनं काशीला ओलांडून जायचं आहे, असं म्हणून मी ते राहू दिलं होतं.

"तो फडका, आक्का," मी म्हणालो. "तिघींची कास पुसायचा. एकच आहे."

फोन चालू होता. लांब कुठे तरी, निंबाखाली असेल, काशी हंबरत होती. धारेची वेळ झाली होती.